दहापैकी सहा

उर्दू शाळेत मराठी शिकवणाऱ्या माणसाचं लक्ष आधी ऱ्हस्व-दीर्घाकडे जातं, मजकुराकडे नंतर. वीस वर्षांची सवय आहे ही. नोव्हेंबर २०२३ मध्ये, दिवाळीची सुट्टी संपल्यावर, नववीला मी निबंध दिला होता : 'माझा आवडता ऐतिहासिक पुरुष'. टिपू सुलतान आठ, शिवाजी महाराज सात, मौलाना आझाद तीन, कलामसाहेब बरेच. आणि एका वहीत हिटलर. मी 'शीस्त'चं 'शिस्त' केलं, 'यहुदी'तला उकार दीर्घ केला, एका वाक्याचं क्रियापद जागेवर आणलं, दहापैकी सहा गुण दिले आणि पुढची वही उघडली.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये आमच्या विज्ञानाच्या सरांनी सहज ती वही चाळली आणि माझ्यापुढे धरली. "सर, हे वाचलंत का?"

मी वाचलं होतं, पण खरं म्हणजे वाचलं नव्हतं. हिटलरने काही यहूदी मुद्दाम जिवंत ठेवले, म्हणजे बाकीच्यांना का मारलं ते जगाला कळावं, अशा अर्थाचं वाक्य होतं ते. तुमच्याही मोबाईलवर ते कधी ना कधी आलेलं असणार. त्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तर दर तासाला येत होतं. हिटलरच्या भाषणात किंवा पुस्तकात हे वाक्य कुठेही सापडत नाही, कुणीतरी बनवून त्याच्या नावावर खपवलेलं आहे. पण ते खरं असतं तरी काय फरक पडला असता? साठ लाख माणसं मारण्याचं समर्थन एका पंधरा वर्षांच्या पोराने सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं आणि मी त्यात एक उकार दुरुस्त केला होता.

पोरगा वाईट नाही. आई-वडील ऊसतोडीला कारखान्यावर, हा दादीजवळ. वर्गात शांत. वाक्य कुठून आणलं विचारलं तर म्हणाला, "मामू के स्टेटस को था सर."

त्या दिवसांत आमच्या सगळ्यांच्याच घरी गाझाची चित्रं येत होती. ढिगाऱ्याखालून काढलेली लेकरं पाहून ज्याचं पोट ढवळलं नाही अशा माणसाशी मला बोलायचंच नाही. तो राग खरा आहे आणि मलाही आहे. इस्रायल सरकारवर टीका करायला मला कुणाची परवानगी लागत नाही. पण त्या वहीत इस्रायल सरकार नव्हतंच. त्यात 'यहूदी' होते, सगळेच्या सगळे. आणि खरं बोलायचं तर हा शब्द आमच्याकडे गाझाच्या आधीपासून असाच वापरला जातो. वर्गात किराणा दुकानदाराचा एक मुलगा आहे, डबा वाटून खात नाही. त्याला मुलं काय म्हणतात ते मी कितीदा ऐकलं होतं : "यहूदी है सर ये, एक बिस्कुट बी नै देता." माझी दादी, अल्लाह तिला जन्नत देवो, सावकाराला हाच शब्द वापरायची. तिने आयुष्यात एकही यहूदी पाहिला नव्हता.

एवढंही सांगायला हवं की हिटलरचं कौतुक हा काही आमचाच मक्ता नाही. त्याच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद कुठल्याही बुकस्टॉलवर व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मिळतो. २००६ मध्ये नवी मुंबईत खारघरला हिटलरच्या नावाचं हॉटेल निघालं होतं. मुंबईच्या ज्यू मंडळींनी निषेध केल्यावर मालकाने नाव बदललं. 'इथे हिटलरच पाहिजे' हे वाक्य मी एस.टी.त, चहाच्या टपरीवर आणि शिक्षकांच्या बैठकीत, सगळ्या धर्मांच्या तोंडून ऐकलं आहे.

हेडमास्तरसाहेबांनी वही पाहिली आणि दोन शब्दांत निकाल दिला. "पान फाडा." त्यांना मी भित्रा म्हणणार नाही. त्याच वर्षी जूनमध्ये कोल्हापुरात काय झालं ते आम्ही विसरलो नव्हतो. काही पोरांनी औरंगजेबाचं, टिपूचं स्टेटस ठेवलं, त्यावरून शहर पेटलं, दुकानं फुटली, आणि ज्यांच्यावर कारवाई झाली त्यांत अल्पवयीन पोरंही होती. आमच्या जिल्ह्यातही तशा स्टेटसवरून वातावरण तापलं होतं. शाळेतल्या वहीचा फोटो कुणी काढला आणि फिरवला तर आधी पोरगा जाईल, मग शाळा, हा त्यांचा हिशोब. चुकीचा म्हणता येत नाही.

कायद्याचं नाव काढलं की आमच्या डोळ्यांपुढे पोलिसांची गाडीच येते. कलम १५३-अ, २९५-अ ही आकडेवारी तेव्हा आमच्याकडे न शिकलेल्या माणसालाही पाठ होती. पालघरचं प्रकरण आठवा. नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब ठाकरे गेले, मुंबई बंद राहिली, आणि त्यावर एका मुस्लिम मुलीने फेसबुकवर चार साध्या ओळी लिहिल्या. तिला आणि ती पोस्ट आवडली म्हणणाऱ्या तिच्या मैत्रिणीला अटक झाली. त्यातूनच श्रेया सिंघल यांची याचिका उभी राहिली आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६-अ कलमच रद्द केलं. तेव्हा तोंडातून निघालेल्या शब्दावर पोलिसी कायदा लावावा अशी मागणी करताना मुसलमान माणसाची जीभ जरा अडखळते. अडखळायलाच हवी.

मग दुसरा कोणता कायदा असतो का? मी दोन रात्री हेच वाचत बसलो. अमेरिकेतल्या विद्यापीठांमध्ये ज्यू विद्यार्थ्यांच्या छळाच्या तक्रारी तेव्हा रोज बातम्यांत होत्या. डिसेंबरमध्ये तीन नामांकित विद्यापीठांच्या अध्यक्षांना तिथल्या संसदेपुढे बोलावलं गेलं आणि त्यांपैकी दोघींना पुढच्या महिन्याभरात पद सोडावं लागलं. त्या सगळ्याच्या मुळाशी जो कायदा आहे तो १९६४ चा, नागरी हक्कांचा, कृष्णवर्णीयांच्या लढ्यातून आलेला. त्याच्या सहाव्या प्रकरणात म्हटलंय की सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही संस्थेत वंश, रंग किंवा मूळ देश यांवरून भेदभाव चालणार नाही. गंमत म्हणजे त्यात धर्म नाही. २००४ मध्ये तिथल्या शिक्षण खात्याने खुलासा केला की ज्यू, मुस्लिम, शीख यांना त्यांच्या वंशावरून, मुळावरून त्रास दिला तर तेही या संरक्षणात येतात. म्हणजे ज्या दाराने ज्यू विद्यार्थी आत आला त्याच दाराने हिजाब घातलेली अरब मुलगीही आली.

पण मला खरा धक्का दुसऱ्याच गोष्टीचा बसला. हा कायदा शिवी देणाऱ्या पोराला पकडत नाही. तो संस्थेला विचारतो : तुमच्या आवारात हे चाललंय हे तुम्हाला माहीत होतं का? माहीत होतं तर तुम्ही काय केलंत? चौकशी होते, संस्था सुधारणेचा करार करते, आणि अगदी शेवटी पैसा बंद होतो. त्या नियमाने आमच्या शाळेत आरोपी कोण ठरला असता? पोरगा नाही. ज्याने सहा गुण दिले तो.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती दडवून मी पुढे जाणार नाही. ज्यूद्वेष म्हणजे काय याची एक व्याख्या २०१६ मध्ये होलोकॉस्टच्या स्मृतीसाठी काम करणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेने स्वीकारली. तिच्यासोबत अकरा उदाहरणं आहेत आणि त्यांतली बरीचशी इस्रायलविषयीच्या बोलण्याबद्दल आहेत. २०१९ मध्ये ट्रम्प यांनी आदेश काढून ती व्याख्या या सहाव्या प्रकरणाला जोडली. तेव्हा तिचा मसुदा करण्यात ज्यांचा मुख्य हात होता ते केनेथ स्टर्न, स्वतः ज्यू, जाहीरपणे म्हणाले की आम्ही हे विद्यापीठांत बोलण्यावर लगाम घालायला लिहिलं नव्हतं. पुढे २०२५ मध्ये कोलंबिया विद्यापीठाचं चाळीस कोटी डॉलरचं अनुदान ज्यूद्वेष रोखला नाही या कारणाने थांबवलं गेलं आणि विद्यापीठाला वीस कोटींहून जास्त डॉलर मोजून तडजोड करावी लागली. ज्यू विद्यार्थ्याला वसतिगृहात शिव्या पडणं आणि कुणीतरी पॅलेस्टाइनचा झेंडा लावणं, या दोन गोष्टी एकाच तराजूत गेल्या की पहिल्या विद्यार्थ्याचंही नुकसान होतं, असं माझं मत आहे. त्याची खरी तक्रारही मग लोकांना राजकारण वाटू लागते.

आता आपल्याकडे. शिक्षण हक्क कायद्याचं १७ वं कलम शिक्षकांना पाठ असतं, छडी मारायची नाही म्हणून. त्यात मानसिक छळही आहे हे कमी जणांच्या लक्षात राहतं. २९ वं कलम तर कुणी वाचतच नाही. शिक्षण घटनेच्या मूल्यांना धरून असावं आणि मुलाला भीतीपासून मुक्त करणारं असावं, असं त्यात चक्क लिहिलंय. ऑगस्ट २०२३ मध्ये मुझफ्फरनगरच्या एका खेड्यात बाईंनी वर्गातल्या मुलांकडून एका मुस्लिम मुलाला थपडा मारायला लावल्या, तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. तुषार गांधी सर्वोच्च न्यायालयात गेले तेव्हा न्यायालयाने या कायद्याचाच आधार घेतला आणि राज्याचा विवेक हादरायला हवा असं सुनावलं. महाविद्यालयांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१२ चे नियम झाले. जात, धर्म, भाषा, लिंग यांवरून भेदभाव होऊ नये म्हणून समान संधी कक्ष आणि भेदभावविरोधी अधिकारी नेमा, असं ते सांगतात. किती ठिकाणी नेमले ते तुम्हीच आपल्या कॉलेजात जाऊन विचारा.

आणि डॉ. पायल तडवी. मुंबईच्या टोपीवाला वैद्यकीय महाविद्यालयात स्त्रीरोग विषय घेऊन शिकणारी आपली जळगाव जिल्ह्याची मुलगी. २२ मे २०१९ ला तिने जीव दिला. तीन वरिष्ठ डॉक्टरांवर छळाचा आरोप आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागला, महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा लागला. पायल तडवी भिल्ल होती, मुस्लिम होती. अ‍ॅट्रॉसिटी कायदा तिच्या आदिवासी असण्याला लागतो आणि लागायलाच हवा. पण ज्या मुलीला फक्त तिच्या नावावरून, धर्मावरून टोमणे मिळतात तिच्यासाठी त्या ताकदीचं काय आहे? तिची आई आबेदा तडवी आणि रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला या दोघी २०१९ पासून सर्वोच्च न्यायालयात हेच विचारत आहेत, की विद्यापीठांनी नियम कागदावर का ठेवले.

हे सगळं वाचताना मला माझी स्वतःची एक गोष्ट आठवत होती. मी गेवराई तालुक्यातला. जून २०१२ मध्ये सौदीतून आणलेल्या जबीउद्दीन अन्सारीचं नाव टीव्हीवर झळकलं, तोही गेवराईचा. औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरणात २०१६ मध्ये त्याला जन्मठेप झाली. २६/११ चा खटला वेगळा, त्यात तो आरोपी आहे. त्या हल्ल्यात कुलाब्याच्या नरिमन हाउसमध्ये ज्यू धर्मगुरू, त्यांची बायको आणि आणखी चौघे मारले गेले, ज्यू म्हणून निवडून मारले गेले. त्यांचा दोन वर्षांचा मोशे त्याला सांभाळणाऱ्या सँड्रा सॅम्युएल यांनी उचलून आणला म्हणून वाचला. त्या नऊ मारेकऱ्यांना मुंबईच्या मुसलमानांनी आपल्या कब्रस्तानात जागा दिली नाही, हेही खरं.

तर, जुंदालच्या बातमीनंतर महिनाभराने मी एका प्रशिक्षणाला गेलो होतो. ओळख करून देताना गावाचं नाव सांगितलं. साधनव्यक्ती हसून म्हणाले, "गेवराई? म्हणजे जुंदालच्या गल्लीतले का?" चाळीस शिक्षक हसले. मीसुद्धा हसलो. तक्रार कुठे करायची हे माहीत नव्हतं, आणि असती तरी केली नसती. मी बी.एड. झालेला माणूस, 'समावेशक शिक्षण' या विषयाची नोटही काढलेली. त्या पाच दिवसांत मी पुन्हा तोंड उघडलं नाही.

हिटलरची वही माझ्या टेबलावर होती तेव्हा मी त्या साधनव्यक्तींचं आणि माझ्या विद्यार्थ्याचं वाक्य शेजारी ठेवून पाहिलं. दोन्हींचा सांगाडा एकच होता.

पान फाडलं नाही. दुसऱ्या दिवशी मराठीचा तास बाजूला ठेवला आणि फळ्यावर आडनावं लिहिली : केहीमकर, रोहेकर, पेणकर, चेऊलकर, दिवेकर. विचारलं, हे कोण? "मराठे सर." "कोकणी." "अपने वाले बी रहते सर, कोकणी मुसलमान." मी म्हणालो, यहूदी. वर्ग हसला. कुणाचा विश्वास बसेना.

मग जे मला येत होतं ते सांगितलं. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचं गलबत फुटलं असं ते सांगतात. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे, म्हणून गाव त्यांना शनिवार तेली म्हणायचं. बोलतात मराठी, कीर्तनंही मराठीत केली. स्वतःला 'बेने इस्रायल' म्हणवतात, म्हणजे आपण कुरआनात वाचतो ते बनी इस्राईल. जुन्या लेखकांनी नोंदवून ठेवलंय की 'यहूदी' हा शब्द मुसलमान शिवीसारखा वापरायचे म्हणून त्यांनी हे नाव धरलं. इथे मी किराणावाल्याच्या मुलाकडे पाहिलं नाही. मुद्दामच.

मुंबईतलं त्यांचं पहिलं प्रार्थनास्थळ १७९६ चं, मांडवीत. बांधणारे दिवेकर. लोक त्याला 'जुनी मशीद' म्हणायचे, आणि मशीद बंदर स्टेशनचं नाव त्यावरूनच पडलं असं सांगतात. हे दिवेकर इंग्रजांच्या फौजेत होते, टिपू सुलतानाच्या कैदेत सापडले. टिपूच्या आईने 'हे तर बनी इस्राईल, यांचं नाव आपल्या किताबात आहे' असं म्हणून त्यांना वाचवलं, अशी त्यांच्यातली परंपरागत कथा आहे. टिपूवर निबंध लिहिणारी आठ पोरं ताठ बसली.

केहीमकरांनी १८७५ मध्ये मुंबईत आपल्या मुलांसाठी शाळा काढली. आज भायखळ्याच्या सर जेकब ससून शाळेत जाल तर बहुतेक विद्यार्थी मुस्लिम. माझ्या खालाजाद बहिणीची मुलगी तिथे शिकली, मी तिला आणायला गेलो होतो तेव्हा शेजारचं निळं सिनेगॉग पाहिलंय. इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलांना साठच्या दशकात तिथल्याच धर्मगुरूंनी लग्नासाठी 'तुम्ही खरे ज्यू का' म्हणून अडवलं होतं, त्यांनी धरणी धरली आणि १९६४ मध्ये तिथल्या संसदेला त्यांच्या बाजूने ठराव करावा लागला, हेही सांगितलं. आता आपल्या राज्यात ते जेमतेम अडीच हजार उरलेत. २०१६ मध्ये सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

एकाने विचारलं, "सर, उनमें का कोई हमारे क्लास में रहता और हम यहूदी यहूदी बोलते, तो कौन सा कलम लगता?" मी १७ आणि २९ सांगितलं. म्हणालो, आधी मला लागेल, मी ऐकून गप्प बसलो म्हणून.

मागच्या बाकावरून आवाज आला, "और बस स्टँड पे हमकू लांड्या बोलते, उसकू?"

वर्ग एकदम शांत झाला. कायद्याने काय ते मी सांगू शकलो असतो. तेव्हा १५३-अ होतं, राज्यघटनेचं १५ वं कलम आहे. पण बस स्टँडवरच्या त्या माणसाला हे कोण लावणार, ते मला माहीत नव्हतं आणि पोरांना ते माझ्या तोंडाकडे पाहूनच कळलं. मी म्हणालो, "मला नीट उत्तर येत नाही." तासाची घंटा झाली. जाताना हिटलरवाला पोरगा टेबलाजवळ आला. त्याला एकच काळजी होती. "सर, छे मार्क रहने देते ना?" राहू दिले. चूक तपासणाऱ्याची होती. पण निबंध पुन्हा लिहायला लावला, विषय तोच. या वेळी त्याने आपल्या दादीवर लिहिला. दादी ऐतिहासिक नाही असं मी म्हणालो नाही.

एक काम मात्र करता आलं. शासनाच्या आदेशाने प्रत्येक शाळेत तक्रारपेटी असते. आमचीही होती, जिन्याखाली, कुलूप गंजलेलं, किल्ली हरवलेली. हेडमास्तरसाहेबांना मी म्हटलं, साहेब, पान फाडून उपयोग नाही, उद्या दुसऱ्या वहीत येईल, ही पेटी उघडू. ते थोडे कुरकुरले, मग शिपायाकडून कुलूप तोडून घेतलं आणि नवं आणलं. दर शुक्रवारी दोन शिक्षकांसमोर उघडायची आणि रजिस्टरला नोंद करायची असं ठरलं.

पहिल्या शुक्रवारी सात चिठ्ठ्या निघाल्या. दोन पाण्याच्या टाकीबद्दल. एकीत एका मुलीने लिहिलं होतं की तिला वर्गात 'कसाई की बेटी' म्हणतात. एकीत 'मला काळी म्हणतात'. एक माझ्याविरुद्ध, मी खेड्यावरच्या मुलांच्या उच्चाराची नक्कल करतो म्हणून. करत होतो. एक कोरी. आणि एक मराठीत, नाव न लिहिता : 'मला यहुदी बोलतात, मी सांगितले तर जास्त बोलतात.'

सातही नोंदल्या. रजिस्टरमध्ये 'केलेली कार्यवाही' असा रकाना आहे, तिथे काय लिहायचं हे हेडमास्तरसाहेबांनी मला विचारलं. शेवटच्या चिठ्ठीपुढे मी लिहिलं : मुलाशी बोललो. चिडवणाऱ्या तिघांशी बोललो. सोमवारी पुन्हा पाहणी.

सोमवारी मधल्या सुट्टीत मी त्यांच्या वर्गात जाऊन बसलो, माझाही डबा घेऊन.